लॉगमधलं -५१७ वाचणाऱ्याला कळू द्या

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीनच्या लिनक्स बोर्डावर माझ्या ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामने) लॉगमध्ये ओळ टाकली होती: ‘आयआरक्यू फेल्ड: -५१७’. आयआरक्यू म्हणजे इंटरप्ट, उपकरणाने प्रोसेसरला दिलेला इशारा. ऑपरेटरने घाबरून मशीनच बंद केलं. बिघाड नव्हताच. -५१७ म्हणजे ज्यावर हे उपकरण अवलंबून आहे, जसं की इंटरप्ट कंट्रोलर (हे इशारे हाताळणारा भाग), ते अजून तयार नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) नंतर पुन्हा प्रयत्न करतो. पण त्या माणसाला हे कळावं कसं? चूक माझ्या ओळीची होती.

प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर उपकरण सुरू करतो त्या फंक्शनमध्ये, चूक छापायला साध्या डेव्ह_एरऐवजी डेव्ह_एर_प्रोब वापरा. २०२० च्या ५.९ कर्नलपासून ते आहे. -५१७ आलं तर ते फक्त डीबग पातळीवर, म्हणजे एरवी न दिसणारी, नोंद करतं.

संदेशात कोणता इंटरप्ट आणि आता काय चालणार नाही, हे दोन्ही हवं: ‘वजनाच्या सेन्सरचा इंटरप्ट जोडता आला नाही, वजन वाचलं जाणार नाही’ अशा अर्थाचं. इंटरप्टचा क्रमांक मिळवून देणारं प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू ५.४ पासून स्वतःच चूक छापतं, त्याखाली आपली दुसरी ओळ नको. हँडलरच्या (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) आत लिहायचंच असेल तर रेटलिमिटेड, म्हणजे ठरावीक वेळात मोजक्याच ओळी छापणारा, प्रकार घ्या, नाहीतर अडकलेला एकच सिग्नल अख्खा लॉग भरून टाकतो.