एअर रायफल सेट करताय? या चुका टाळा

बालेवाडीची रेंज असो की पुण्यातला एखादा छोटा क्लब, 10 मीटर अंतरावर नेम मारायची एकच एअर रायफल अनेकदा तीन-चार जण वापरतात. प्रत्येकाची उंची वेगळी, मान वेगळी, आणि स्टॉक, म्हणजे खांद्याला-गालाला टेकणारा रायफलचा भाग, मात्र आधीच्या माणसाच्या मापाचा. छर्रा भलतीकडे गेला की हात लगेच साईटच्या, म्हणजे नेम धरायच्या साधनाच्या, नॉबकडे जातो. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आधी रायफल अंगाला बसवा, साईटला हात सगळ्यात शेवटी.

रायफल रिकामी आणि सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) लावलेला असताना पोझिशन घ्या. डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या, मग उघडा. नेम डावी-उजवीकडे सरकला असेल तर पाय हलवा, हाताने ओढू नका. नळी खाली राहत असेल तर बटप्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) दोन-तीन मिलिमीटर वर घ्या, नळी वर जात असेल तर खाली. हे टाळून हाताच्या जोरावर नेम धरला, तर पहिले दहा शॉट बरे जातात. पण 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात, आणि स्नायू थकले की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छर्‍यांचा पुंजका, पसरतोच.

मग चीकपीस, म्हणजे गाल टेकायचा भाग. गाल सहज टेकल्यावर डोळा आपोआप पीपच्या (मागच्या साईटच्या छिद्राच्या) मधोमध आला पाहिजे. चीकपीस खाली असेल तर नेमबाज मान ताणून डोळा जुळवतो, दर शॉटला गालाचा दाब बदलतो आणि छर्रे वरखाली पडतात. साईटचे कितीही क्लिक (नॉबचे टप्पे) फिरवले तरी हा दोष जात नाही. 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), म्हणजे स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला कांस्य मिळवलं त्या प्रकारात, नेमबाज पोझिशन बदलताना या जुळण्याही बदलतात. त्यावरून त्यांचं महत्त्व कळावं.

फोरसाईटची (नळीच्या टोकावरच्या साईटची) रिंग नवशिके फार बारीक घेतात. टार्गेटचा काळा गोल 30.5 मिलिमीटरचा, त्याच्याभोवती पांढरी कड स्वच्छ दिसलीच पाहिजे. 4 मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करा. रिंग घट्ट असेल तर डोळा शिणतो आणि नेमबाज ट्रिगर दाबायला उशीर करतो.

आता झिरो, म्हणजे छर्रा नेमाच्या जागी पडेल अशी साईट जुळवणं. एका छर्‍यावर क्लिक फिरवू नका. पाच मारा, ग्रुपचा मध्य बघा. नॉबवरचे बाण फसवतात: काही साईटवर बाण छर्रा कुठे पडला ते सांगतो, काहींवर कुठे सरकवायचा ते. दहा क्लिक एका दिशेला फिरवून दिशा एकदाच तपासून घ्या.

तरीही छर्रे खाली पडायला लागले तर रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब दाखवणारा गेज बघा. सिलिंडरमधली हवा फारच उतरली की रेग्युलेटर दर शॉटला सारखा दाब राखू शकत नाही. सिलिंडर त्यावर छापलेल्या दाबापर्यंतच, बहुधा 200 बार, आणि सावकाश भरा. घाई केली तर तो तापतो आणि गार झाल्यावर गेज खाली येतो. पावसाळ्यात दमट हवा आत जाऊ नये म्हणून पंपाचा ड्रायर (हवेतला ओलावा शोषणारा भाग) तपासा. हवेच्या जोडणीला घरातलं तेल लावू नका, ते धोक्याचं आहे. सिलिंडरवरची मुदतीची तारीखही वाचा.

रायफल सामायिक असेल तर बटप्लेट आणि चीकपीसच्या पट्टीवरचे आकडे, रिंगचं माप आणि साईटचे क्लिक प्रत्येकाने आपल्या वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी ॲलन की घेऊन तेवढंच फिरवायचं.