चामड्याची बॅग हाताने शिवायची असेल तर आधी हे वाचा

हाताने शिवलेली चामड्याची बॅग मशीनवर शिवलेल्या बॅगेपेक्षा जास्त का टिकते हे आधी सांगते, कारण ते कळलं की पुढची सगळी मेहनत कशासाठी चाललीय ते लक्षात राहतं. मशीनच्या शिवणीत दोन दोरे असतात, एक वरचा एक खालचा, आणि ते चामड्याच्या मधोमध एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक दोरा घासून तुटला की दुसऱ्याला धरायला काही राहत नाही आणि शिवण उसवत जाते. हाताच्या शिवणीत, म्हणजे ज्याला सॅडल स्टिच म्हणतात त्यात, दोरा एकच असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात. एका बाजूचा टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. सगळा खेळ या टाक्याचा आहे.

आता चामडं. पहिल्या बॅगेसाठी व्हेजिटेबल टॅन घ्या, म्हणजे झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, मऊ आणि छान वाटतं हाताला पण त्याच्या कडा घासून गुळगुळीत होत नाहीत, त्या रंगवाव्या नाहीतर दुमडाव्या लागतात, आणि ओलं करून त्याला आकार देता येत नाही. जाडी बॅगेच्या अंगाला 1.8 ते 2 मिमी, बाजूच्या पट्टीला (म्हणजे गसेटला) 1.2 च्या आसपास, खांद्याच्या पट्ट्याला 3 मिमी. जनावराच्या पोटाकडचं चामडं स्वस्त मिळतं पण ते ताणतं, त्याचा पट्टा केलात तर काही महिन्यांत लांब होतो, म्हणून पट्टा आणि मागचं पान पाठीच्या भागातून काढा, पोटाकडचं आतल्या खिशाला वापरा.

हत्यारं फार लागत नाहीत. धारदार रापी किंवा कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, 4 मिमी अंतराची दातेरी छिन्नी, लाकडी किंवा नायलॉनची हातोडी (लोखंडी नको, छिन्नीचं डोकं खराब होतं), आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, 0.8 मिमीचा मेण लावलेला दोरा, कडा गोल करायचं बेव्हलर, आणि शिवताना चामडं धरून ठेवायला लाकडी चिमटा. सुया बोथटच हव्यात हं. भोक पाडायचं काम आरीचं, सुईने फक्त दोरा पलीकडे न्यायचा, टोकदार सुई असली की ती आधीच्या दोऱ्यात घुसते आणि मग टाका ओढला जात नाही.

माप मी एका लहान स्लिंग बॅगेचं देते. पुढचं पान 24 सेमी रुंद आणि 18 सेमी उंच, बॅगेची जाडी 6 सेमी. मागचं पान आणि झाकण एकाच तुकड्यात काढायचं, 18 मागचे, 7 वरून वळायचे, 12 पुढे येणारे, असं 37 सेमी. गसेटची पट्टी 8 सेमी रुंद, त्यातले दोन्ही बाजूंचे 1-1 सेमी दुमडून शिवणीला जातात. सगळं आधी जाड पुठ्ठ्यावर कापा आणि चिकटपट्टीने जोडून बघा, तुमच्या रोजच्या वस्तू त्यात घालून बघा. पुठ्ठ्यावरची चूक फुकट दुरुस्त होते, चामड्यावरची होत नाही.

खालचे दोन कोपरे गोल करा, 3 सेमी त्रिज्येचे, त्याहून लहान नको. आणि गसेटची लांबी मोजताना जिथे बहुतेकांचं चुकतं (माझंही पहिल्या बॅगेला चुकलं होतं आणि पट्टी खाली कोपऱ्यात फुगून बसली होती, सगळी शिवण उसवावी लागली) ते म्हणजे कडेवरून मोजणं. शिवण कडेवर नसते ना, ती 4 मिमी आत असते. या मापाच्या बॅगेला कडेवरून मोजलं तर साधारण 57.4 सेमी येतं आणि शिवणीच्या रेषेवरून मोजलं तर 56.2, म्हणजे सव्वा सेमीचा फरक, 4 मिमीच्या हिशोबाने तीन भोकं! म्हणून आधी पानावर शिवणीची रेषा आखा, त्या रेषेवर दोरा फिरवून मोजा, आणि पट्टी कापताना दोन्ही टोकांना 2 सेमी जास्तीचे ठेवा, ते शेवटी वरून कापून टाकता येतात.

कापताना रापी एकाच दमात ओढायचा प्रयत्न करू नका, हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. आणि एक, व्हेज टॅन ओलं असताना त्यावर लोखंडाचा कीस किंवा गंजकं हत्यार पडू देऊ नका, टॅनिन आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की काळा डाग पडतो आणि तो सहजासहजी जात नाही.

जोडायच्या आधी जे सपाट असताना होऊ शकतं ते सगळं उरकून घ्या. आतला खिसा, मॅग्नेटचं बटण, गसेटच्या वरच्या टोकांना डी-रिंग (खांद्याचा पट्टा अडकवायची D आकाराची कडी) धरणाऱ्या पट्ट्या. बॅग उभी राहिल्यावर आत हात घालून हातोडी मारता येत नाही. तोंडाच्या कडा, म्हणजे पुढच्या पानाची वरची कड आणि झाकणाची कड, त्याही आत्ताच गोल करून घासून घ्या.

मग पुढच्या पानावर छिन्नीने भोकं पाडा. छिन्नी सरळ उभी धरायची आणि पुढच्या वेळी ठेवताना तिचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात बसवायचा म्हणजे अंतर हलत नाही, गोलाईवर दोन दातांची छिन्नी घ्या. गसेटला आत्ता भोकं पाडायची नाहीत. पट्टीच्या दोन्ही कडांना 1 सेमीवर रेघ ओढून, किंचित ओलं करून दुमडा, वाळू द्या. जिथे गोंद लागणार तिथला गुळगुळीत भाग सँडपेपरने खरवडा नाहीतर गोंद पकडत नाही, दोन्हीकडे पातळ गोंद लावा, हाताला चिकटेनासा झाला की मगच टेकवा. सुरुवात खालच्या मध्यापासून, मध्याला मध्य, तिथून दोन्हीकडे कोपऱ्यांकडे. कोपऱ्यावर पट्टी थोडी ओली करून बोटांनी ताणून बसवावी लागते, सावकाश करा, इथे घाई केली की सुरकुती पडते. पूर्ण वाळल्यावर पुढच्या पानाच्या भोकांतून आरी घालून पट्टीपर्यंत आरपार भोकं करा, त्यामुळे भोकांची संख्या जुळवायचा प्रश्नच येत नाही.

दोरा शिवणीच्या चौपट आणि वर दोन वीत. पण हात पसरून जेवढा मावतो त्यापेक्षा लांब घेऊ नका, वारंवार ओढून त्याचं मेण जातं आणि तो पिंजतो, मधे संपला तर नवीन दोरा तीन भोकं मागून सुरू करायचा. सुईत ओवल्यावर सुईचं टोक दोऱ्यातूनच दोनदा आरपार घालून दोरा मागे ओढा, गाठ न मारता सुई पक्की बसते.

आणि आता टाका. पुढची बाजू उजवीकडे ठेवून बॅग चिमट्यात धरा, पहिल्या भोकातून दोरा घालून दोन्ही टोकं सारखी करा. आता पुढच्या भोकात डाव्या हातातली सुई आधी. ती उजवीकडे आली की पूर्ण ओढून घ्या. मग उजवी सुई त्याच भोकात, आधीच्या दोऱ्याच्या मागून, आणि ती जाताना पहिला दोरा जरा मागे खेचून बघा, तो सुटा हलला पाहिजे, हलला नाही म्हणजे सुई दोऱ्यात घुसलीय, काढा आणि परत घाला. मग दोन्ही हातांनी एकदम ओढा, उजवा हात जरा वर, डावा जरा खाली, सारख्या जोराने. कोणती सुई आधी घालायची यावर लोकांची वेगवेगळी मतं आहेत, माझं म्हणणं एवढंच की जे धराल ते शेवटच्या टाक्यापर्यंत बदलू नका, कारण तिरका सुंदर दिसणारा टाका हा क्रम आणि ओढ सारखी राहिल्यानेच येतो. मधे उठायचं असेल तर टाका पूर्ण करून उठा. ओढ फार जोराची झाली की चामडं भोकापाशी आत दबतं आणि कड लाटांसारखी दिसायला लागते, तेव्हा हात हलका करा.

सुरुवातीला आणि शेवटी, म्हणजे तोंडापाशी, तीन टाके मागे या, सगळा ताण तिथे येतो. पॉलिएस्टरचा दोरा असेल तर 2 मिमी ठेवून कापा आणि लायटरने जरासं वितळवून दाबा, लिननचा असेल तर चामड्यालगत कापून गोंदाचा थेंब. मग शिवणीवर हातोडी हलक्या हाताने फिरवा, टाके बसतात. मागचं पान याच पद्धतीने, फक्त दोन्ही पानं सरळ समोरासमोर आहेत ना ते गोंद लावायच्या आधी टेबलावर उभी ठेवून बघा.

कडांना वेळ द्या. 220 च्या सँडपेपरने दोन्ही थर एकसारखे होईपर्यंत घासा, बेव्हलरने कडेचा टोकदारपणा काढून टाका, मग 400, मग 600. थोडं पाणी किंवा गम ट्रॅगाकंथ (एक प्रकारचा झाडाचा डिंक) लावून जाड कापडाने किंवा लाकडी घोटणीने भराभर घासत रहा, थोड्या वेळाने कड गरम होते आणि काचेसारखी चकाकायला लागते, थर वेगळे ओळखू येत नाहीत. वरून मधमाशांचं मेण.

पट्टा शेवटी, खांद्यावर टाकून लांबी ठरवा. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामडं मऊ ठेवणारं) लावायचं असेल तर कपड्याने अगदी पातळ हात द्या, रंग गडद होतो, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर लावून दुसऱ्या दिवशी बघा आणि मग बॅगेला लावा.