मड रेसमध्ये उतरायचं का? आधी हे बघा

मड रेस म्हणजे चिखलातून, अडथळे पार करत धावायची शर्यत. मित्र नाव देऊन राहिले म्हणून तुम्हीही लगेच फी भरू नका नं, आधी स्वतःला तपासा. आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सकडे ५ किलोमीटर, हळू का होईना, न थांबता जमतं का बघा. मग बागेतल्या बारला लटका, ३० सेकंदांच्या आत हात सुटत असेल तर दोरी अन् मंकी बार (हातानं लटकत पुढं जायच्या आडव्या दांड्या) जड जाणार, पण दोन-तीन महिने मेहनत केली की पकड येते, तर पुढची रेस धरा.

खरी परीक्षा चिखलाची. आपली काळी माती पावसात बुटाला अशी चिकटते की पाय उचलवत नाही, डांबरी रस्त्यावरचा सराव तिथं पुरत नाही. सुती टीशर्ट ओला होऊन लोंबतो, ड्रायफिटच घाला.

अंगावर ताजी जखम असेल तर उतरूच नका, चिखलपाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंमुळे येणारा ताप) होऊ शकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन १० वर्षांत घेतलं नसेल, किंवा दमा, बीपी, गुडघ्याचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अँब्युलन्स आहे का, अडथळा सोडता येतो का, हे आयोजकांना विचाराच. दोन्हीला हो म्हणाले तर बिनधास्त नाव द्या, लय मजा येते! अन् नंतर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना चिखलाचं आवर्जून सांगा.