झिर्कोनियाची गोळी घट्ट होत नाही? या चुका टाळा

झिर्कोनियाची (झिर्कोनियमच्या ऑक्साइडची) पावडर दाबून, भट्टीत भाजून केलेल्या गोळीची घनता कमी आली की नवी मुलं आधी भट्टीला दोष देतात. ‘काका, पन्नास डिग्री वाढवू का?’ बिघाड बहुतेक वेळा पावडर धुताना आणि वाळवतानाच झालेला असतो.

शेवटची धुलाई नुसत्या पाण्याने करणं, ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये एका पावसाळ्यात घाई होती, म्हणून अवक्षेप (द्रावणातून खाली बसलेला साका, ज्याची पुढे पावडर होते) पाण्यानेच धुऊन रात्रभर ओव्हनमध्ये ठेवला. सकाळी ट्रेमध्ये खडीसाखरेसारखे खडे! नखाने दाबले तरी फुटेनात. मुलांनी ते खलात कुटले, १०० मेशच्या चाळणीतून काढले आणि म्हणाले, झालं. अहो, त्या चाळणीचं भोक साधारण १५० मायक्रॉनचं आणि आपले कण नॅनोमीटरमधले! चाळणीतून उतरलेला प्रत्येक दाणा म्हणजे घट्ट चिकटलेला गठ्ठाच होता. असे गठ्ठे प्रेसखाली मोडत नाहीत. भट्टीत ते भोवतालच्या पावडरीपेक्षा आधी आक्रसतात आणि कडेने फट सोडतात. १५०० अंशांवर दोन तास ठेवूनही घनता घन सेंटिमीटरला ५.४ ग्रॅमवरच अडकली. ३ मोल टक्के इट्रिया (इट्रियमचं ऑक्साइड) मिसळलेल्या झिर्कोनियाला ६.१ च्या जवळ जायला हवं. १६०० केलं, तर कण फुगले आणि फटी तशाच राहिल्या. सगळी बॅच वाया गेली.

तेव्हापासून पाण्यानंतर तीन वेळा इथेनॉलने धुतो. पाणी राहिलं की कणांवरचे हायड्रॉक्सिल (OH) गट वाळताना एकमेकांना जखडतात. इथेनॉल त्यांची जागा घेतं. आता वाळलेलं ढेकूळ चिमटीत रांगोळीसारखं भुरभुरतं. ते भुरभुरल्याशिवाय मी पुढचं काम करू देत नाही. इथेनॉल महाग पडतं हे कारण मला पटत नाही, वाया गेलेली बॅच त्याहून महाग पडते.

धुताना अवक्षेपात क्लोराइड क्षार राहू देऊ नका. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधाळ झालं तर पुन्हा धुवा.

कॅल्सिनेशन (दाबण्याआधी पावडर भाजणं) ‘जरा जास्त’ करू नका, कण एकमेकांना टेकतात तिथे माना जुळतात आणि मग दळूनही सुटत नाहीत.

दळायला झिर्कोनियाचेच गोळे वापरा. स्टीलचे वापरलेत तर लोखंड पावडरीत उतरतं.

इट्रिया विसरलात, तर थंड होताना झिर्कोनिया चार-पाच टक्के फुगतो आणि गोळी तडकते.

बाइंडर (दाबताना पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) जाळताना ६०० अंशांपर्यंत मिनिटाला एकच अंश वाढवा. जवळजवळ दहा तास लागतात. मी भट्टी संध्याकाळी लावतो, म्हणजे रात्री घाई करणारं कुणी जवळ नसतं.