जुन्या लॅपटॉपचा घरगुती सर्व्हर

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी चालते लॅपटॉप एकाएकी बाद ठरले. अशा एखाद्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवून घरातले फोटो, कागदपत्रे आणि बॅकअप ठेवणारा सर्व्हर, म्हणजे घरातल्या सर्वांसाठी सतत चालू राहणारा संगणक, करता येतो. या कामासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक सर्रास सुचवला जातो आणि तो वीजही कमी खातो. मात्र वीज गेली की तो त्याच क्षणी बंद पडतो, तर लॅपटॉपची बॅटरी हा आयताच मिळालेला यूपीएस असतो. लोडशेडिंग होत असेल, तर माझ्या मते एवढ्यावरच लॅपटॉपचे पारडे जड होते. सरासरी १० वॅट धरले, तर चोवीस तास चालू राहून लॅपटॉप वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज घेतो.

सुरुवात बॅटरीपासून करावी. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचे झाकण फुगून फट पडली असेल, तर ती बॅटरी वापरू नये. जाणकाराकडून काढून घ्यावी. बॅटरी चांगली असल्यास आणि बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, चार्जिंगची मर्यादा ठरवण्याची सोय असल्यास ती ८० टक्क्यांवर ठेवावी, कारण कायम पूर्ण चार्ज राहिलेली बॅटरी लवकर खराब होते. रॅम ४ जीबी असली तरी फाइली ठेवण्याच्या कामाला पुरते. जुनी हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणे हा या कामातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च होय.

जुन्या डिस्कवरचे हवे ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे, कारण पुढच्या पायरीत ती पूर्ण पुसली जाईल. डेबियन १३ या लिनक्सच्या प्रकाराची इन्स्टॉलर फाइल पेनड्राइव्हवर लिहून, लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून, पेनड्राइव्हवरून सुरू करावा. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड विचारला असता तो रिकामा सोडावा, म्हणजे आपण तयार केलेल्या वापरकर्त्यालाच प्रशासनाचे अधिकार मिळतात. शेवटी सॉफ्टवेअर निवडण्याचा पडदा येतो. तेथे डेस्कटॉपच्या खुणा काढाव्यात आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) सर्व्हर व स्टँडर्ड युटिलिटीज या दोनच ठेवाव्यात. खुणा स्पेसबारने बदलतात. सवयीने एंटर दाबल्यास इन्स्टॉलर तसाच पुढे जातो आणि नको असलेला डेस्कटॉप बसतो.

यानंतर राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या विभागात या लॅपटॉपसाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा, म्हणजे राउटर बंद होऊन सुरू झाला तरी पत्ता बदलत नाही. आता दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने प्रवेश करावा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधूनही ते जमते. लॅपटॉपचे झाकण लावले की तो झोपी जातो, ही सवय मोडण्यासाठी लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या लॉगिनडी विभागाकरिता एक छोटी कॉन्फिगरेशन फाइल करून तीत ‘हँडल लिड स्विच’ ची किंमत ‘इग्नोर’ अशी द्यावी. तरीही झाकण किंचित उघडे ठेवलेले बरे, कारण काही लॅपटॉपांची उष्णता कीबोर्डमधूनच बाहेर पडते.

खरा कस बाहेरची डिस्क जोडताना लागतो. ती लिनक्सच्या एक्स्ट-४ पद्धतीने फॉरमॅट करावी आणि सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलमध्ये तिची नोंद यूयूआयडीने (डिस्कच्या कायम ओळख क्रमांकाने) करावी, कारण यूएसबीवरच्या डिस्कचे नाव प्रत्येक वेळी तेच राहील याची खात्री नसते. त्या नोंदीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय न चुकता घालावा. तो नसेल आणि एखाद्या दिवशी केबल ढिली झाली असेल, तर सर्व्हर सुरू होताना दीड मिनिट डिस्कची वाट पाहतो आणि मग आपत्कालीन अवस्थेत जाऊन थांबतो. नेटवर्क चालू होत नाही आणि आपण परगावी असलो तर घरच्यांना फोनवरून काही समजावणे अवघड होऊन बसते.

फाइली घरातल्या फोनवर आणि संगणकांवर दिसण्यासाठी सांबा हे नेटवर्कवर फाइली खुल्या करणारे सॉफ्टवेअर बसवावे. त्याचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून वेगळा ठेवला जातो. तो द्यायचा राहून गेल्यामुळे प्रवेश नाकारला जाणे ही नेहमीची अडचण आहे. देवनागरीतली फाइलनावे मात्र निर्धास्तपणे ठेवावीत.

बाहेरगावाहून प्रवेश हवा म्हणून राउटरचे पोर्ट (बाहेरून आत येण्याच्या वाटा) उघडू नयेत. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर त्याचा उपयोगही होत नाही: राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असतात आणि बाहेरची विनंती आपल्या राउटरपर्यंत पोहोचत नाही. वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीवर आधारित टेलस्केल हे आपली यंत्रे इंटरनेटवरून खासगीरीत्या जोडणारे सॉफ्टवेअर अशा जोडणीवरही चालते. त्याच्या किल्लीची (यंत्राची ओळख पटवणाऱ्या डिजिटल खुणेची) मुदत नेहमीच्या मांडणीत १८० दिवसांनी संपते. सर्व्हरपुरती ही मुदत बंद करून ठेवावी. एसएसएचला किल्लीने (पासवर्डऐवजी वापरायच्या फाइलीने) प्रवेश करता येतो याची खात्री झाल्यावर पासवर्डने होणारा प्रवेश बंद करावा आणि सुरक्षेच्या सुधारणा आपोआप बसतील अशी सोय करावी.

बॅकअप दुसऱ्या डिस्कवर आरसिंक या फाइलींची नक्कल करणाऱ्या साधनाने रोज रात्री घ्यावा आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल परत आणून उघडून पाहावी. महत्त्वाच्या फाइली सर्व्हरवर हलवण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी. आधी नुसता चार्जर काढून तो बॅटरीवर किती वेळ तग धरतो ते मोजावे. मग लॅपटॉप नीट बंद करून, बाहेरची डिस्क काढून, पुन्हा सुरू करावा. स्क्रीन आणि कीबोर्डला हात न लावता एसएसएचने आत जाता आले, तरच जुने फोटो त्यावर चढवायला घ्यावेत.