पोट्ट्यांना साहसकादंबरी वाचून दाखवायची असेल तर

पोट्ट्यांच्या हातात जाडजूड कादंबरी देऊन ‘घरी वाच’ म्हटलं की ती बहुधा तिसऱ्या पानावर मिटते. तीच मोठ्याने वाचून दाखवली तर दुसऱ्या दिवशी कुलूप काढायच्या आधी ओसरी भरलेली असते. वैनगंगेकाठच्या आमच्या गावात मी वाचनालय सांभाळते, आणि संध्याकाळचं हे वाचन माझ्या सगळ्यात जिवाभावाचं काम आहे. आणखी चार गावांत कुणी ते सुरू करावं म्हणून इतकं तपशिलात लिहिते.

आधी हंगाम बघा. धानाची कापणी आणि चुरणा आटोपला की डिसेंबरपासून संध्याकाळी पोट्टे मोकळे असतात. पुढे मोहफुलं पडायला लागली की हीच पोट्टी पहाटे अंधारात आईबरोबर टोपली घेऊन निघतात आणि दिवे लागले की डुलक्या घेतात. त्यामागे तेंदूपत्ता असतोच. म्हणून मोठी कादंबरी डिसेंबरात धरायची आणि होळीच्या आत संपवायची. रोज अर्धा तास पुष्कळ झाला. लाईट जाणार हे धरूनच चालायचं आणि चार्ज केलेला दिवा जवळ ठेवायचा.

पहिलं पुस्तक मी डोळे मिटून सांगते: रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं ‘ट्रेझर आयलंड’. मराठीत त्याचे बरेच अवतार मिळतात, पण त्यातले कित्येक इतके कापलेले असतात की उरतो तो नुसता सांगाडा. विकत घेण्याआधी सफरचंदाच्या पिंपाचं प्रकरण काढून बघा. जहाजावरचा जिम नावाचा मुलगा सफरचंद काढायला रिकाम्या होत आलेल्या पिंपात उतरतो. तिथे बसल्याबसल्या त्याला डुलकी येते, आणि जहाजाचा एका पायाचा स्वयंपाकी सिल्व्हर बाहेर पिंपाला टेकून साथीदारांशी बंडाचं बोलू लागतो. हा प्रसंग चारपाच ओळींत उरकलेला असेल तर पुस्तक तिथेच ठेवून द्या, मग त्याची चित्रं कितीही रंगीत असोत. पानं भरून असेल तर घ्या.

या पुस्तकाची जन्मकथा पोट्ट्यांना पहिल्याच दिवशी सांगायची. 1881 चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार नावाचं गाव, आणि बाहेर पाऊस. घरात अडकलेला स्टीव्हन्सन आपल्या शाळकरी सावत्र मुलाबरोबर रंग घेऊन बसला आणि त्यातून एका बेटाचा नकाशा तयार झाला. नकाशा आधी आला, गोष्ट त्यामागून. लिहून झालेलं प्रकरण तो घरच्यांना वाचून दाखवायचा. त्याचे वडील दीपगृहं बांधणारे इंजिनिअर, पण तेही इतके रंगले की म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडावं याची यादी त्यांनी स्वतः करून दिली, आणि ती पुस्तकात तशीच आली. पुढे ही गोष्ट मुलांच्या एका साप्ताहिकात टोपणनावाने क्रमशः छापली गेली आणि 1883 मध्ये तिचं पुस्तक झालं. म्हणजे मोठ्याने वाचणं हे या कादंबरीच्या घडणीतच आहे. तुम्ही काही वेगळं करत नाही.

नकाशाचं काम आपणही आधी करायचं. जुन्या कॅलेंडरची पाठ घ्या आणि पोट्ट्यांना आपल्याच गावाचा नकाशा काढू द्या. त्यात मामा तलाव (म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव), त्याची पाळ, गोटुल (गोंडांचं एकत्र जमायचं घर) किंवा समाजमंदिर, मोठी चिंच आणि नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, आला पाहिजे. मग एकाने त्यात काहीतरी लपवायचं आणि बाकीच्यांनी खुणांवरून शोधायचं. हा खेळ एक संध्याकाळ खातो, पण पुढे बेटाच्या नकाशातली टेकडी आणि उंच झाड कुणाला समजवावं लागत नाही.

आमच्या बहुतेक पोट्ट्यांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यासाठी शब्दांचा मारा करू नका. शीड, डोलकाठी, सुकाणू आणि नांगर एवढे चार शब्द फळ्यावर चित्र काढून आधी दाखवा, बाकीचे वाचता वाचता कळतात. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या पोरांना बोलतं करा. डोंगा वाऱ्यात कसा फिरतो हे त्यांना चांगलं ठाऊक असतं, आणि एरवी वर्गात मागे बसणारा पोरगा त्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगतो.

वाचताना आवाजाची नक्कल फार करू नये. सिल्व्हर हा पुस्तकातला सगळ्यात गोड बोलणारा माणूस आहे. त्याला खलनायकाच्या घोगऱ्या आवाजात वाचलं की सगळी मजा गेली, कारण पोट्ट्यांना तो आधी आवडला पाहिजे. कठीण वाक्य आलं तर थांबून अर्थ सांगू नका, तेच वाक्य सावकाश पुन्हा वाचा.

आणि थांबायचं कुठे, हे रोज घरून ठरवून यायचं. प्रकरण संपलं म्हणून थांबायचं नाही. पुन्हा पिंपाकडे चला. जिम आत श्वास रोखून बसलाय, बाहेर सिल्व्हर तरुण डिकला म्हणतो की ऊठ आणि मला एक सफरचंद काढून दे. डिक उठायला लागतो. इथे पुस्तक मिटायचं. पुढच्याच ओळीत दुसरा एक खलाशी त्याला अडवतो आणि जिम वाचतो, पण ती ओळ उद्याची. ‘बाई, मंग?’ असा गलका होतो. होऊ द्या. सांगू नका, अगदी तुमचं स्वतःचं लेकरू रात्री जेवताना विचारत असलं तरी.

एक गोष्ट मला मनापासून खटकते: या बेटावर पोरी नाहीत. जिमची आई सुरुवातीला येते, तेवढीच. म्हणून जिमचे संवाद मी नेहमी एखाद्या पोरीला वाचायला देते. त्या फार छान वाचतात.

दुसऱ्या वर्षासाठी रुडयार्ड किपलिंग. टीव्हीमुळे मोगली सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचं जंगल सिवनीचं, म्हणजे नागपूरच्या उत्तरेचं आणि पेंचच्या बाजूचं, हे फारच कमी लोकांना माहीत असतं. त्या गोष्टींतली नदी आपली वैनगंगा आहे. ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडाऱ्यावरून पवनीकडे येते. किपलिंगचा जन्म 1865 चा, मुंबईतला. ‘द जंगल बुक’ मात्र त्याने अमेरिकेत, व्हरमाँटच्या थंडीत लिहिलं. ते 1894 मध्ये निघालं आणि दुसरा भाग 1895 मध्ये. इंग्रजांचं राज्य त्याला योग्य वाटायचं, हेही मोठ्या मुलांना स्पष्ट सांगावं.

आमच्या भागात वाघ हा गोष्टीतला प्राणी नाही. गावातल्या कुणाच्या घरी वाघाने माणूस नेलं असेल तर शेरखानची गोष्ट वाचू नका, निदान ते लेकरू बसलेलं असताना तरी नाहीच. त्याऐवजी दुसऱ्या भागातली रानकुत्र्यांची गोष्ट घ्या. दख्खनकडून रानकुत्र्यांची झुंड येते, मोगली तिला चिडवून आपल्या मागे पळवतो, वैनगंगेच्या कड्यावरच्या मधमाश्यांवर नेऊन घालतो आणि स्वतः नदीत उडी मारतो. आग्यामोहोळ उठलं की काय होतं हे इथल्या पोट्ट्यांना सांगावं लागत नाही. ते वाचताना ओसरीवर कुणी हलत नाही.

ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ला भिंतीवर जगाचा नकाशा हवाच. ही कादंबरी 1872 मध्ये पॅरिसच्या एका दैनिकात रोज थोडी थोडी आली होती. फिलिआस फॉग पैज लावून 2 ऑक्टोबर 1872 ला लंडनहून निघतो, आणि त्याला 21 डिसेंबरला रात्री पावणेनऊच्या आत परत पोचायचं असतं. रोज एका पोट्ट्याला तारखेचा मान द्या: नकाशावर टाचणी लावायची आणि किती दिवस उरले ते लिहायचं. मुंबईहून निघालेली त्यांची गाडी भुसावळच्या पुढच्या बुऱ्हाणपूरला थांबते, आणि फॉगचा नोकर तिथे खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. भुसावळ ऐकलं की नागपूर-मुंबई गाडीने गेलेली पोरं सरसावून बसतात. पुढे रूळ संपतात, आणि फॉग दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो. त्यानंतरचा सतीचा प्रसंग वाचायच्या आधी सांगा की सतीबंदीचा कायदा 1829 चा आहे, आणि हा भारत एका फ्रेंच लेखकाने दुरून रंगवलेला आहे.

शेवटचा पेच वाचणाऱ्याने आधी समजून घ्यावा. पूर्वेकडे चाललं की प्रत्येक रेखांशामागे सूर्य चार मिनिटं लवकर उगवतो. 360 गुणिले 4 म्हणजे 1440 मिनिटं, बरोबर एक दिवस, आणि उशीर झाला असं वाटणारा फॉग याच दिवसामुळे वेळेत असतो. हा गुणाकार पोट्ट्यांकडून फळ्यावर करून घ्या, पण फॉग हरलाय असं वाटून सगळे गप्प झाल्यावर, आधी नाही.

डॅनियल डिफोचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ 1719 चा. लहानांना अख्खा वाचू नये, मधे उपदेश फार आहे. शिवाय क्रूसो गुलामांच्या व्यापारासाठीच निघालेला असतो, ते आठवी-नववीतल्यांशी बोलायचं. फुटक्या जहाजातून सामान आणण्याचा भाग आणि वाळूतला पावलाचा ठसा, एवढं लहानांना पुरतं.

ऐकून ऐकून ज्यांना स्वतः वाचावंसं वाटतं त्यांच्यासाठी भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ कपाटात खालच्या कप्प्यात, हात पोचेल असा ठेवा. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि त्याचं ‘ट्टॉक!’ कुणाच्या मदतीशिवाय वाचता येतं. व्हर्नला मराठी मुलांपर्यंत आणण्याचं मोठं कामही भागवतांनीच केलं, म्हणून त्यांचं ‘चंद्रावर स्वारी’ त्याच्या शेजारी असू द्या. पुस्तक घरी न्यायला पोट्ट्यांना मोकळीक द्या. वहीत नाव लिहायला त्यांनाच सांगा, आणि पावसाळ्यात प्रत्येक पुस्तकाबरोबर खताच्या नव्हे, किराण्याच्या स्वच्छ पिशवीचं आवरण द्या. चिखलाचे डाग पडून आलेलं पुस्तक बघून रागावलात तर ते पोट्टं पुन्हा नेणार नाही. ओल्या फडक्याने पुसा, पानांत वर्तमानपत्राचे कागद घाला आणि दोन दिवस सावलीत उभं ठेवा, ते पुन्हा देण्याजोगं होतं.