गिनीची पिलं पेलेटवरून ज्वारीवर आणताना

गिनी फाउल (कोंबडीसारखा पाळीव पक्षी) पाळायला नव्यानं उतरलेल्या माणसाचा महिन्याभरानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "घरात ज्वारी पडून आहे, ती कधी चालू करू?" सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न पडणारच. पेलेटची, म्हणजे तयार खाद्याच्या दाबलेल्या गोळ्यांची, गोणी रोख पैसे मोजून आणायची आणि मालदांडीची पोती घरात थप्पी लावून ठेवलेली. माझं उत्तर असं: दाणा आठव्या आठवड्यानंतर, आणि दाण्याच्या आधी खडे.

आधी हिशोब बघा. पिलाला पहिले चार-पाच आठवडे २४ ते २६ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं, आठव्या आठवड्यापर्यंत १८ ते २०, पुढं १६ च्या आसपास भागतं. ज्वारीत प्रथिनं साधारण १० टक्के, मक्यात ९. त्यातही लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी, आणि अंगात मांस भरायला तेच हवं. २० टक्क्यांच्या ग्रोअर (वाढत्या पक्ष्याच्या) पेलेटमध्ये पाव हिस्सा ज्वारी घातली की मिश्रण १७.५ वर येतं, निम्मी घातली की १५ वर. आठ आठवड्यांच्या पक्ष्याला पहिलं चालतं, दुसरं नाही. दुसरं बारा-चौदा आठवड्यांनंतर, तेही पक्षी मोकळा चरून टोळ-किडे टिपत असेल तर. घाई केली की पक्षी मरत नाही, म्हणून तर फसायला होतं. वाढ खुंटते, पिसं विरळ राहतात, एकमेकांची पिसं उपटायला लागतात, आणि मालक म्हणतो जातच खराब निघाली.

आता खडे. पेलेट पाण्यानं विरघळतं, अख्खा दाणा विरघळत नाही, तो पेट्यात (गिझार्डमध्ये, म्हणजे पोटाच्या जाड स्नायूच्या भागात) दळावा लागतो. पक्ष्याला दात नाहीत, दळायचं काम पेट्यातले खडे करतात. शेडमध्ये तुसावर वाढलेल्या पिलाच्या पोटात एकही खडा नसतो. म्हणून दाणा सुरू करण्याच्या आठवडाभर आधी वेगळ्या भांड्यात जाड वाळू ठेवावी, पक्षी मोठा झाला की दोन-तीन मिलिमीटरचे खडे. क्रशरवरची काळ्या दगडाची कच आपल्याकडं सगळीकडं मिळते. चाळून, धूळ धुऊन, वाळवून द्यायची. शिंपल्याचा चुरा यासाठी चालत नाही, तो पोटातल्या आम्लात विरघळून जातो. त्याचं काम वेगळं, ते पुढं येईल.

दाणा पेलेटमध्ये मिसळून देऊ नका. गिनी दाणे वेचून खातो आणि पेलेट उकरून तुसात घालतो. सकाळपासून पेलेट, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी मूठ-मूठ दाणा जमिनीवर पसरून, हे मला सगळ्यात बरं वाटतं. पसरल्यामुळं दुबळ्या पिलालाही वाटा मिळतो, आणि संध्याकाळच्या दाण्याच्या ओढीनं पक्षी आपणहून शेडकडं परततो. गिनी झाडावर मुक्काम करायला बघतो, त्यामुळं ही सवय पुढं फार कामाला येते. सुरुवात एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शानं करायची आणि पावावर यायला दोन आठवडे घ्यायचे. आधी बाजरी किंवा मक्याची भरड, मग अख्खी ज्वारी, अख्खा मका सगळ्यात शेवटी.

अंदाज हातानं घ्यायला शिका. रात्री पक्षी धरून गळ्याखालची पिशवी चाचपायची. भरलेली पण दाबल्यावर दाणे सरकतात, म्हणजे ठीक. पहाटे, काही खायच्या आधी, तीच पिशवी रिकामी हवी. सकाळीही गच्च आणि घट्ट लागली तर दाणा थांबवा, पाणी आणि खडे तपासा. विष्ठेत अख्खी ज्वारी दिसली तरी तेच.

दाणा कोणता, यात आपलं नशीब चांगलं. मोहोळच्या संशोधन केंद्रातून १९३० च्या दशकात पुढं आलेली एम ३५-१ म्हणजे आपली मालदांडी पांढरी, टॅनिन (दाण्यातलं तुरट द्रव्य) नगण्य, आणि रब्बीची असल्यानं वाळलेली घरात येते. लालसर ज्वारीत टॅनिन जास्त, ते प्रथिनं पचू देत नाही. खरिपाची पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी किंवा ओलसर मका स्वस्तात मिळाला म्हणून पिलांना घालू नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खातं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. बऱ्याच तयार स्टार्टर (पिलांच्या) खाद्यात कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा परजीवी रोग रोखणारं औषध असतं. पेलेट कमी झालं की ते औषधही कमी होतं. त्याच आठवड्यात तूस ओलं असेल तर रक्ताची हगवण लागते आणि दोष ज्वारीवर जातो. बदल करायच्या आधी तूस बदला, ड्रिंकरखालची ओल काढा. कोंबडीच्या खाद्यातली काही औषधं टर्की, गिनीला मानवत नाहीत, त्यामुळं गोणीवरचं लेबल पशुवैद्यकाला दाखवूनच घ्या. एप्रिल-मे मध्ये, पारा ४२ च्या पुढं असताना, बदलाच्या भानगडीत पडू नका. पक्षी आधीच कमी खात असतो.

इंटरनेटवर इंग्लंडातल्या फेझंट या शिकारीच्या पक्ष्याचे खाद्य-तक्ते सापडतील. तिथं पक्षी रानात सोडायचे असतात म्हणून त्यांना गव्हावर आणतात. आपल्याला पक्षी विकायचा आहे, त्यांचा तक्ता आपल्या कामाचा नाही. ते वाचून कोणाला रानातले तित्तर किंवा लावा धरून वाढवावेसे वाटले तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. गिनीची पिलं घेताना कादंबरी, चितंबरी, श्वेतांबरी ही बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थेची वाणं विचारा.

आणि तो शिंपला. दाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. गिनी उन्हाळ्याच्या तोंडाला अंड्यावर येते, त्याआधी तीन-चार आठवडे दाणा पुन्हा कमी करून लेअर (अंड्यावरच्या माद्यांचं) खाद्य वाढवायचं आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा. लागेल तेवढा मादी स्वतःच खाते.